येत नाही ते लिहून ठेवा

(अभियंता दिनानिमित्त, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या स्मरणार्थ प्रथम वर्षाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान)



विश्वेश्वरय्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात धरणं, कालवे, पूल, कारखाने यांच्याविषयी बोलण्याची रीत आहे. आज मी जर्नल, असाइनमेंट आणि अभ्यास यांच्याविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण धरणाइतकाच तो अभियंत्याच्या कामाचा आहे, आणि तुमच्या हातात आज तोच आहे.

विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातले, पण अभियंता म्हणून ते घडले महाराष्ट्रात. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करून त्यांनी बी. ए. केलं, मग म्हैसूर सरकारच्या मदतीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. आज आपण त्या संस्थेला सीओईपी म्हणून ओळखतो. १८८३ मध्ये एल. सी. ई.च्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. धुळे भागात पांझरा नदीखालून पाणी पलीकडे नेण्याचं काम त्यांनी नोकरीच्या सुरुवातीलाच केलं. खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसले.

त्या दरवाजांचा क्षणभर विचार करा. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडायचे, पातळी उतरली की मिटायचे. मध्यरात्री, भर पावसात, पूर चढत असताना तिथे अभियंता उभा नसायचा. दरवाजा उघडायचा तो अभियंत्याने कितीतरी आधी कागदावर मांडलेल्या हिशेबामुळे. आपल्या व्यवसायात हे नेहमीच असं असतं. काम पूर्ण होतं, आपण दुसऱ्या गावाला बदलून जातो, आणि आपल्या जागी आपलं गणित उभं राहतं. ते खरं असेल तर लोक निर्धास्त झोपतात.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही याचा खरा हिशेब ठेवणं, यालाच मी प्रामाणिकपणा म्हणतो आणि यालाच अभ्यासही म्हणतो. कॉलेजात हे दोन विषय वेगळे शिकवले जातात. प्रामाणिकपणाचे नियम माहितीपुस्तिकेत येतात आणि अभ्यासाचं तंत्र इंडक्शनच्या एखाद्या तासात उरकलं जातं. माझ्या मते ते एकच आहेत.

सीनियरचं जर्नल

तुम्ही आलात ते सीईटीतून. तिथे चार पर्याय समोर असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे येत नसेल तरी एक पर्याय निवडून पुढे जाणं तिथे शहाणपणाचं ठरतं. दोन वर्षं ही सवय तुमच्या अंगात मुरवली गेली आहे. इथे समोर कोरा कागद असतो. पर्याय नसतात, आणि अंदाजाने काढलेल्या आकड्याचा पुढे कुणीतरी वापर करणार असतो. हा बदल पहिल्या महिन्यात कुणी समजावून सांगत नाही. त्याऐवजी सीनियर्स दुसरंच शिकवतात.

ते सांगतात, ‘अरे, जर्नल घे आमचं. रीडिंग्ज तीच असतात.’ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सोडवलेल्या असाइनमेंटची पीडीएफ येते. ड्रॉइंगच्या शीटसाठी जीटी असते. जुनी शीट काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा, वर कोरी शीट लावायची आणि रेषा उतरवून काढायच्या. वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब कानस न धरता तयार मिळतो. आणि सबमिशनच्या आठवड्यात सगळं हॉस्टेल रात्रभर जागून लिहीत असतं. एक वाचतो, चौघे उतरवतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती अभ्यास चाललाय!

या मुलांना मी वाईट समजत नाही. त्यातले बरेच घरी आईवडिलांशी, मित्रांशी अगदी सरळ वागणारे असतात. पण त्या रात्रींत काय काय हातातून निसटतं ते बघितलं पाहिजे.

ड्रॉइंगचा विषय अभ्यासक्रमात कशाला आहे? एखाद्या वस्तूची दोन दृश्यं दिली की तिसरं डोळ्यांपुढे उभं राहावं, म्हणून. समोरून दिसणारी रेषा वरून पाहिली तर बिंदू होईल का, लपलेली कड तुटक रेषेत कुठे येईल, हे डोक्यात फिरवता येणं ही अभियंत्याची दृष्टी आहे. ती सुरुवातीला कुणालाच नसते. चुकीचं तिसरं दृश्य काढून, खोडून, पुन्हा काढूनच ती येते. जीटीमध्ये हात फिरतो आणि नेमकी ही दृष्टी तेवढी राहून जाते.

प्रयोगाचं पाहा. मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये सिंपल बीमचा प्रयोग असतो. तुळईवर वजनं ठेवायची, दोन्ही टेकूंवरची प्रतिक्रिया काट्यावर वाचायची, मग मोमेंट घेऊन तीच गणिताने काढायची आणि दोन्हींची तुलना करायची. खरं रीडिंग घेतलं तर ते गणिताशी जुळत नाही. इथे विद्यार्थी घाबरतो आणि उत्तरापासून उलटा मागे येत रीडिंग ‘बसवतो’. तक्ता सुंदर होतो, फरक एक-दोन टक्क्यांच्या आत येतो, सही मिळते.

पण त्या प्रयोगातलं शिकण्यासारखं जे होतं, ते त्या फरकातच होतं. काटा रिकामा असताना शून्यावर होता का? तुळईचं स्वतःचं वजन धरलं होतं का? वजन ज्या खुणेवर टांगलं ती खूण नीट मोजली होती का? प्रत्येक रीडिंग एकाच बाजूला चुकत असेल तर दोष बहुधा उपकरणाच्या मांडणीत असतो, कधी इकडे कधी तिकडे चुकत असेल तर वाचण्यात. फरकाकडे बघून त्याचं कारण शोधता येणं, हे कौशल्य पुढे साइटवर आणि कारखान्यात आयुष्यभर लागतं. ज्याने फरकच पुसून टाकला, त्याने प्रयोग केलाच नाही.

कॅन्सस सिटीतला नट

आता एक घटना सविस्तर सांगतो. तिच्यातलं गणित पहिल्या वर्षाचं आहे, म्हणून ती निवडली.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात १९८० च्या जुलैमध्ये हयात रिजन्सी हे हॉटेल सुरू झालं. त्याच्या उंच दालनात छतापासून टांगलेले पादचारी पूल होते. दुसऱ्या मजल्याचा पूल आणि चौथ्या मजल्याचा पूल एकाखाली एक होते. मूळ आराखड्यात छतापासून निघालेला एकच लांब पोलादी रॉड चौथ्या मजल्याच्या तुळईतून आरपार जाऊन खाली दुसऱ्या मजल्याच्या तुळईपर्यंत पोचत होता. प्रत्येक तुळईच्या खाली रॉडवर एक नट. म्हणजे चौथ्या मजल्याचा नट फक्त चौथ्या मजल्याचा भार घेणार आणि दुसऱ्याचा नट फक्त दुसऱ्याचा. दोन्हींचा एकत्र भार येणार तो रॉडच्या वरच्या भागावर.

एवढ्या लांब रॉडवर आटे पाडणं आणि नट वर चढवत नेणं कटकटीचं होतं. पोलादाचं काम करणाऱ्या कंपनीने बदल सुचवला की एका लांब रॉडऐवजी दोन रॉड वापरू. पहिला छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत येईल, दुसरा त्याच तुळईपासून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत जाईल. कागदावर फरक काही इंचांचा दिसतो.

तो फरक कळायला दोरीला लटकलेली दोन माणसं डोळ्यांपुढे आणा. एकाच दोरीला दोघांनी वरखाली धरलं असेल तर प्रत्येकाच्या मुठीवर फक्त त्याचं स्वतःचं वजन येतं. खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले तर वरच्याच्या मुठीवर दोघांचं वजन येतं. दोरीवरचा भार तेवढाच राहिला, मुठीवरचा दुप्पट झाला. हॉटेलात ती मूठ म्हणजे चौथ्या मजल्याच्या तुळईखालचा नट.

तुमच्या सिलॅबसच्या पहिल्याच युनिटमध्ये फ्री बॉडी डायग्राम आहे. चौथ्या मजल्याची तुळई वेगळी काढा, तिच्यावरची बलं दाखवा, उभ्या दिशेची बेरीज शून्य करा. तीन ओळींत उत्तर मिळतं. त्या बदलाच्या वेळी या तीन ओळी कुणी लिहिल्या नाहीत. बदललेली शॉप ड्रॉइंग्ज अभियंत्याच्या कार्यालयात गेली आणि शिक्का घेऊन परत आली.

१७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी त्या दालनात नृत्याचा कार्यक्रम होता. खाली आणि पुलांवर गर्दी होती. चौथ्या मजल्याच्या पेटीसारख्या तुळईतून नट ओढला जाऊन सुटला आणि दोन्ही पूल खालच्या माणसांवर कोसळले. ११४ माणसं मेली, दोनशेहून अधिक जखमी झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तपास केला तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. मूळ आराखड्यातला जोडसुद्धा शहराच्या बांधकाम नियमांनी मागितलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होता. बदलाने तो त्याच्याही निम्म्यावर आला. पुढे मिसुरी राज्याने दोन अभियंत्यांचे परवाने रद्द केले.

मित्रांनो, त्या कार्यालयातल्या कुणालाही फ्री बॉडी डायग्राम येत नव्हता असं नाही. तो जोड कुणीतरी तपासला असेल, असं प्रत्येकाने धरून चाललं. दुसऱ्याने केलेलं आहे, आपण सही करू. सीनियरचं जर्नल उतरवताना आपण स्वतःला हेच सांगतो: त्याने रीडिंग घेतलंच आहे, आपण लिहू. आणि त्या सीनियरनेही ते त्याच्या सीनियरकडूनच घेतलेलं असतं.

आपल्याकडे हे घडत नाही असं कुणी समजू नये. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल गर्दीच्या वेळी कोसळला. त्याच्या काही काळ आधी त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं होतं आणि किरकोळ दुरुस्त्या सुचवून तो वापरायला योग्य ठरवला गेला होता. कामावरून घरी निघालेली माणसं त्या अहवालावर विश्वास ठेवून चालत होती. अहवाल त्यांनी वाचला नव्हता, वाचण्याची गरजही नव्हती. ती जबाबदारी सही करणाऱ्याची.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. न्यूयॉर्कमधली सिटीकॉर्प ही ५९ मजली इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली. तिचे खांब कोपऱ्यांत नव्हते, बाजूंच्या मध्यावर होते. १९७८ मध्ये तिचे रचना अभियंता विल्यम लेमेशुरिए यांना बाहेरून विचारणा झाली, म्हणून त्यांनी कोपऱ्यावर तिरका आदळणाऱ्या वाऱ्याचं गणित पुन्हा मांडलं. तेव्हा त्यांना दिसलं की वेल्डिंगऐवजी बोल्टने केलेले जोड जोराच्या वादळात पुरणार नाहीत. त्यांनी ते मालकांना सांगितलं, आणि रात्री-रात्री जोडांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करून इमारत मजबूत करण्यात आली. इमारतीत काम करणाऱ्यांना आणि जनतेला मात्र हे १९९५ पर्यंत कळू दिलं नाही, ती त्या प्रसंगाची न झाकता सांगावी अशी बाजू. तरीही झालेल्या गणितावर पुन्हा पेन्सिल ठेवण्याची आणि निघालेली चूक मांडण्याची हिंमत त्या इमारतीला मजबूत करून गेली. जर्नलमध्ये चुकलेलं रीडिंग व्हाइटनरने झाकण्याऐवजी एक रेघ मारून शेजारी खरं लिहायला म्हणूनच शिका. खाडाखोड दिसू द्या. तपासणाऱ्याला ती उपयोगी असते, तुम्हाला त्याहून जास्त.

उतरवणाऱ्याचं नुकसान

‘सर, पूल पडायला अजून खूप वर्षं आहेत. आत्ता कॉपी केली तर माझं काय बिघडतं?’ हा प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर मोजलेलं आहे.

एमआयटीमध्ये पहिल्या वर्षाला मेकॅनिक्सचा गृहपाठ संगणकावर द्यायला लागले. कोणत्या प्रश्नाला किती वेळात उत्तर आलं ते त्यात नोंदलं जायचं. काही उत्तरं इतक्या झटपट येत की प्रश्न वाचूनही होणार नाही. त्यावरून डेव्हिड प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोण किती उतरवतं हे शोधलं आणि २०१० मध्ये ते प्रसिद्ध केलं. सत्राच्या सुरुवातीला घेतलेल्या चाचणीत उतरवणारी मुलं इतरांपेक्षा कच्ची नव्हती. ती काम उशिरा सुरू करायची आणि मुदत जवळ आली की उतरवायची. सत्राच्या शेवटी, गणिताने सोडवायच्या प्रश्नांत ती बरीच मागे पडली होती, आणि वारंवार उतरवणाऱ्यांचं नापास होण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट होतं. म्हणजे कच्ची होती म्हणून उतरवत होती असं दिसलं नाही. उतरवत गेली तशी ती मागे पडत गेली.

हे का होतं ते समजून घ्या. ‘मला हे येत नाही’ ही जाणीव अभ्यासाची सुरुवात असते. ती तुम्हाला पुस्तकाकडे, मित्राकडे, शिक्षकांकडे नेते. उतरवलेलं पान ती जाणीवच झाकून टाकतं. वही भरलेली, सही झालेली, टर्मवर्कचे गुण मिळालेले, मग येत नाही हे कळणार कधी? पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीत, आठ दिवस उरलेले असताना. गणिताच्या एम-वनच्या पेपरला बसल्यावर. तेव्हा कळून उपयोग नसतो, आणि केटी लागते, म्हणजे विषय राहतो.

वाचणं आणि येणं

पण नुसतं ‘कॉपी करू नका’ म्हणून मी थांबलो तर तो उपदेश होईल. प्रामाणिकपणे बसूनही अनेक मुलांचा अभ्यास होत नाही, कारण त्यांनी निवडलेली पद्धतच त्यांना फसवते.

सगळ्यात जास्त फसवतं ते पुन्हा पुन्हा वाचणं. सोडवलेलं उदाहरण दुसऱ्यांदा वाचलं की प्रत्येक पायरी ओळखीची वाटते आणि आपण म्हणतो, येतंय. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून तो मिटला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, मिटून लिहिणाऱ्यांना ५६. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून तास संपल्यावर त्याच संध्याकाळी वही न उघडता एका कोऱ्या पानावर आजचा तास लिहून काढा. दहा मिनिटं पुरतात. जे आठवलं नाही तिथे जागा मोकळी सोडा. मग वही उघडा आणि ती जागा भरा.

दुसरी गोष्ट, एकाच प्रकारची गणितं सलग सोडवण्याची. एका सूत्राची दहा गणितं झाली की अकरावं झोपेतही येतं, आणि परीक्षेत तेच सुचत नाही. कारण परीक्षेत आधी कोणतं सूत्र लावायचं ते ओळखावं लागतं. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये हे मोजलं. वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायची गणितं काहींना प्रकारवार दिली, काहींना मिसळून. सरावात प्रकारवार सोडवणारे ८९ टक्क्यांवर होते आणि मिसळून सोडवणारे ६० वर. आठवड्यानंतरच्या चाचणीत मिसळून सोडवणारे ६३ वर राहिले, प्रकारवारवाले २० वर घसरले. सरावात चुका जास्त होतायत म्हणून घाबरू नका. रविवारी दोन तास बसा, फ्रिक्शनचं एक गणित, ट्रसचं एक, मोमेंटचं एक, मागच्या महिन्यातलं एखादं, असं मिसळून घ्या.

तिसरी गोष्ट, उत्तर बघण्याची वेळ. अडलं की लगेच सोल्यूशन उघडू नका. कुठे अडलं ते आधी एका वाक्यात लिहा: ‘आकृतीत टेकूवरची बलं कशी घ्यायची ते कळत नाही.’ हे वाक्य लिहिता आलं म्हणजे अर्धं काम झालं. मग सोल्यूशनची तेवढीच पायरी बघा, पुस्तक मिटा आणि संपूर्ण गणित पुन्हा पहिल्यापासून करा. दोन दिवसांनी तेच परत करा.

या तिन्हींत समान काय आहे? तिन्ही तुम्हाला वेळेत सांगतात की काय येत नाही. म्हणून मी तुम्हाला एक वही वेगळी ठेवायला सांगतो. तिच्यात फक्त जे येत नाही तेवढंच लिहायचं, तारीख टाकून. उत्तर मिळालं की समोर लिहायचं आणि तीही तारीख टाकायची. कुणालाही दाखवायची नाही, गुण नाहीत. परीक्षेआधी बाजारातल्या कुठल्याही गाइडपेक्षा ही वही जास्त कामाला येते, कारण ती तुमच्यासाठी लिहिलेली आहे.

मदत कुठपर्यंत

आता मित्र, इंटरनेट आणि एआय. मिळून अभ्यास करणं चांगलंच. फळ्यापुढे उभं राहून भांडत भांडत गणित सोडवणाऱ्या मुलांना मी नेहमी प्रोत्साहन दिलं आहे. सीमारेषा सोपी आहे. बोलणं एकत्र, लिहिणं एकट्याने. चर्चा संपली की फळा पुसा, आपल्या खोलीत जा आणि स्वतः लिहा. लिहिता आलं नाही तर कळलं नव्हतं असं समजा आणि परत विचारायला जा. ज्याच्याकडून कल्पना मिळाली त्याचं नाव खाली लिहा. प्रोग्राम कुठून घेतला, आकृती कोणत्या पुस्तकातली, ते लिहा. नाव लिहिल्याने तुमचं काम कमी ठरत नाही, त्यावर विश्वास बसतो.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, आणि आज तुमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असं काहीतरी आहे. आधी तुमच्या शिक्षकांना विचारा की या असाइनमेंटमध्ये ते चालतं का. नाही म्हणाले तर नाही. चालत असेल तर स्वतः प्रयत्न केल्यावरच विचारा, आणि तेही आपली पायरी दाखवून: इथे मी काय चुकलो? त्याने दिलेलं उत्तर खात्रीच्या भाषेत असतं आणि तरी चुकीचं असू शकतं. एकक तपासा, चिन्ह तपासा, टोकाची किंमत घालून पाहा. कागद मिटून ओरलला प्रत्येक ओळ समजावून सांगता येत असेल तेवढंच तुमचं.

नियमही माहीत असावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. पण शेवटच्या वर्षी दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत घेणाऱ्याला पहिल्या मुलाखतीतच शिक्षा होते. ‘हा रेझिस्टर इथे का लावलास?’ एवढ्या एका प्रश्नावर.

ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमात झालं त्यांना वेगळं सांगतो. इंग्रजी पाठ्यपुस्तक समजत नाही म्हणून उतरवायची वेळ येते, हे मी जाणतो. ते मराठीत विचारा. समजलेलं आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत न्या. बल, घर्षण हे शब्द तुम्ही शाळेत शिकलात, त्यांचा अर्थ तोच आहे. इंग्रजी कच्चं असण्यात कमीपणा नाही. न कळलेलं इंग्रजी वाक्य नक्कल करून लिहिणं मात्र तुम्हाला दोन्ही भाषांत मुकं करेल.

शिक्षकांना आणि पालकांना

सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. एमआयटीतल्याच त्या अभ्यासात शिकवण्याची पद्धत बदलल्यावर, म्हणजे मोठ्या सभागृहातल्या व्याख्यानांऐवजी लहान गटांत वर्गातच गणितं सोडवून घेतल्यावर आणि मूल्यमापन बदलल्यावर, उतरवण्याचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आलं. मुलं तितकीच चांगली किंवा वाईट होती. प्राध्यापक मित्रांनो, वर्षानुवर्षं तीच वजनं आणि तीच रीडिंग्ज देणारा प्रयोग आपणच उतरवायला देतो. प्रत्येक गटाला वेगळी वजनं द्या. रीडिंगवर लॅबमध्येच, त्याच दिवशी सही करा. न जुळलेल्या निकालाचं कारण ज्याने शोधलं त्याला जुळलेल्या तक्त्यापेक्षा जास्त गुण द्या. सबमिशन सत्राच्या शेवटी एकदम गोळा करण्याऐवजी दर पंधरा दिवसांनी घ्या.

आणि पालकहो, तुम्ही फी भरताना काय काय बाजूला ठेवलं आहे हे मुलांना माहीत असतं. त्या दडपणातच बरीच कॉपी होते. दिवाळीत मूल घरी आलं की सीजीपीए विचारण्याआधी एवढंच विचारा: ‘या सत्रात तुला काय कळलं नाही?’ आणि उत्तर मिळालं तर रागावू नका. ज्या घरात ‘येत नाही’ म्हणता येतं, त्या घरातलं मूल शिकतं.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या पहिल्या प्रॅक्टिकलला अजून काही दिवस आहेत. त्या दिवशी रीडिंग गणिताशी जुळणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. बाजूच्या टेबलवर कुणीतरी ते जुळवत असेल. तुम्ही आलेलं रीडिंग तसंच लिहा आणि हात वर करून विचारा, ‘सर, मॅडम, हे असं का आलं?’ शिक्षक नसतील तर मित्राला विचारा, उत्तर सापडेपर्यंत ‘येत नाही’च्या वहीत लिहून ठेवा. चार वर्षांनी तुमच्या सहीवर लोक पूल ओलांडतील, लिफ्टमध्ये उभे राहतील, ऑपरेशन थिएटरमधल्या यंत्राला जोडले जातील. त्या सहीची लायकी कमवायची सुरुवात त्या पहिल्या तक्त्यापासून होते, आणि ती तुम्ही कमवाल असा माझा विश्वास आहे.